फोन लावून देणारे रज्जाकभाई

मागच्या महिन्यातली गोष्ट. मंगळवार होता, ओपीडी नुकतीच सुरू झाली होती. टेबलावरचा माझा फोन थरथरला. नाव दिसलं, 'रज्जाकभाई तलवाडा'. मी कागद पुढे ओढला, वर तारीख टाकली आणि सवयीनं म्हणाले, "बोला भाई, आज किती जण?"

पलीकडून बाईचा आवाज आला. "ताई, मी शबाना. त्यांची मुलगी. अब्बा परवा गेले. झोपेतच गेले. त्यांच्या फोनमधी घरच्यांच्या खालोखाल तुमचंच नाव होतं. म्हणलं, तुमाला कळवावं."

मी तिला काय म्हणाले ते आता आठवत नाही. दिवसभर रुग्ण येत राहिले आणि मी कामाला लागले. संध्याकाळी टेबल आवरताना तो नुसती तारीख टाकलेला कागद हाताला लागला, तेव्हा मात्र खुर्चीत बसूनच राहिले.

मी बीडला एका सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागात समाजसेविका आहे. तपासणं आणि औषध लिहिणं हे डॉक्टर मॅडमचं काम. घरी काय चाललंय, गोळ्या मधेच का सोडल्या, रुग्णाला घरात कोण सांभाळतं, हे विचारणं माझं. रज्जाकभाईंची ओळख झाली ती त्यांच्या धाकट्या भावामुळे. सलीमला स्किझोफ्रेनिया होता. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून दोघं भाऊ महिन्यातून एकदा, मंगळवारी, तलवाड्याहून एसटीनं यायचे. सलीम बाकड्यावर टोकाला बसायचा आणि रज्जाकभाई त्याच्याशेजारी उभे राहायचे. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, इतकी सफाईनं की ती तशीच घडवली असावी असं वाटायचं.

तलवाड्यात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ-टेप, मग पाण्याच्या मोटारी, मग मोबाइल. रेडिओ का सोडले ते त्यांनी एकदाच सांगितलं. दुकान दोघं भाऊ चालवायचे आणि सलीमचा हात रज्जाकभाईंपेक्षा चांगला होता. बंद पडलेला सेट तो नुसता कानाला लावून दोष सांगायचा. बाविसाव्या वर्षी तो म्हणायला लागला, की बातम्या देणारी माणसं माझ्याबद्दल बोलतात. घरच्यांनी आधी हसून सोडलं. मग एक दिवस त्यानं दुकानातले सगळे रेडिओ रस्त्यावर आणून ठेवले आणि त्यांच्यासमोर हात जोडून बसला. "त्या दिवसापासून दुकानात रेडिओ घेतला न्हाई ताई," रज्जाकभाई म्हणाले. "गिऱ्हाइकाला सांगायचो, पार्ट मिळत न्हाईत."

त्यांचं एक बोलणं मी नंतर कितीतरी नातेवाइकांना ऐकवलं. एका बाईचा मुलगा आंघोळ करत नव्हता आणि ती ओपीडीतच त्याला बोल लावत होती. रज्जाकभाई शांतपणे तिला म्हणाले, "मावशी, आधी करंट कुठवर येतोय ते बघायचं. मग पार्टाला नाव ठेवायचं."

टाळेबंदी लागली आणि एसटी बंद झाली. ओपीडीच्या खोलीत कोरोनाच्या रुग्णांची व्यवस्था आली. आमच्याकडे उरली रुग्णांची वही आणि एक फोन. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, जमेल तितक्यांना फोनवर बघू. पण वहीतले निम्मे नंबर लागत नव्हते. लागले तर फोन पुण्यात असलेल्या मुलाचा किंवा शेजाऱ्याचा निघायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी रज्जाकभाईंचाच फोन आला. "ताई, सलीमच्या पाच दिवसांच्या गोळ्या राहिल्यात. त्याला बघायचं असलं तर मी व्हिडिओ लावतो. फकस्त दोन दिवस द्या. त्याची तयारी करून घेतो."

ती तयारी काय होती ते मला नंतर कळलं. ज्या माणसाला रेडिओतल्या आवाजांनी छळलं होतं, त्याच्यासमोर बोलणारा फोन कसा धरायचा? रज्जाकभाईंनी एक जुना मोबाइल सलीमपुढे सगळा उघडला. स्पीकर काढून त्याच्या तळहातावर ठेवला. आवाज इथून निघतो, आत कुणी बसलेलं नाही, हे दाखवलं. मग फोन त्याच्याचकडून परत जोडून घेतला. कित्येक वर्षांनी सलीमनं हातात पेचकस धरला होता. दोन दिवसांनी तो पडद्यावर आला आणि मॅडमना म्हणाला, "तुमचा आवाज जरा फाटतोय. तुमच्याकडचा माइक खराब हाय."

तपासणी झाल्यावर रज्जाकभाई म्हणाले, "ताई, आमच्या भागात तुमचे अजून सात जण हायेत. मंगळवारच्या गाडीत भेटायचे, म्हणून वळखतो. त्यांच्याकडं असला फोन न्हाई. दुकान तर बंदच हाय माझं. मी फिरतो फोन घेऊन."

असे ते आमचे झाले. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. मंगळवारी सकाळी ते मला नावं सांगायचे, मी कागदावर लिहायचे. मग मोटारसायकलवरून एकेका घरी जायचे, फोन लावून द्यायचे आणि आवाज येणार नाही इतक्या लांब जाऊन पाठ करून उभे राहायचे. मॅडमनी लिहून दिलेल्या गोळ्या दवाखान्याच्या गाडीनं गावच्या सरकारी दवाखान्यात पोचायच्या, त्या आणून घरोघर द्यायचे. मी पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं, की रुग्ण काय बोलतो ते कुणाला कळता कामा नये. मला ते सांगावं लागलं याचंच त्यांना जरा वाईट वाटलं असावं. "ताई, लोक फोन दुरुस्तीला टाकतात, त्यात त्यांचं सगळं घर असतं. फोटो, चिठ्ठ्या, भांडणं. आपण बिघाड तेवढा बघायचा. हा आमच्या धंद्याचा पहिला नेम हाय."

सुमनबाई म्हणून एक सत्तरीच्या आजी होत्या. (रुग्णांची नावं मी इथं बदलली आहेत.) नवरा गेल्यापासून त्यांनी जेवण टाकलं होतं. व्हिडिओ लावला की त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून गप्प बसायच्या, कारण घर सारवलेलं नाही आणि ते मॅडमना दिसतंय. दोन मंगळवार असेच गेले. तिसऱ्या मंगळवारी रज्जाकभाईंनी फोन नुसत्या भिंतीकडे तोंड करून कोनाड्यात ठेवला. "आता मॅडमला भिंतच दिसती आजी. बोला." आम्हाला पडद्यावर भिंतीचा पोपडा दिसत होता आणि आजी बोलत होत्या. पाऊण तास बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, इतका येळ बसलीस, च्या तरी टाकला असता." आणि खरंच कपात चहा ओतून त्यांनी तो फोनजवळ नेऊन ठेवला. तो कप नंतर रज्जाकभाईंनी प्यायला. मॅडमच्या वाटणीचा म्हणून.

सगळीकडे असं होत नव्हतं. रोग कोण पसरवतंय याच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या, आणि त्या कुणाच्या नावानं फिरत होत्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका वस्तीवर आमचा एक रुग्ण होता. त्याच्याशी बोलताना मला पडद्यात नेहमी मोकळं आभाळ आणि रस्त्यावर आडवी टाकलेली बाभळीची फांदी दिसायची. मला वाटायचं, रेंजसाठी बाहेर येत असतील. महिन्याभरानं त्या रुग्णाच्या बायकोनं खाली मान घालून सांगितलं, "ताई, वस्तीवरचे लोक त्यांना आत येऊ देत न्हाईत. ते फोन पुसून दगडावर ठेवतात आन लांब जाऊन हुबे ऱ्हातात. आमी उचलतो, बोलतो, परत दगडावर ठेवतो. उन्हातान्हात हुबे असतात. पानी पन कुणी इचारत न्हाई."

मी रज्जाकभाईंना लगेच फोन केला. रागानं माझाच आवाज चढला होता. ते म्हणाले, "भ्याले लोक. भ्यालेल्या माणसावर रागवून काय करता ताई? तुमच्याकडं तर रोज तेच येतात."

"पण तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं," ते म्हणाले. "पन त्याच्या गोळ्या चुकल्या न्हाईत."

त्या उन्हाळ्यात ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परतली आणि त्यांना गावाच्या शाळेत वेगळं ठेवलं. त्यात मीरा होती, वीस-एकवीस वर्षांची, दोन महिन्यांची ओली बाळंतीण. बाळंतपण उसाच्या फडाशेजारीच झालं होतं. ती झोपत नव्हती, आणि बाळ बदललंय, हे माझं नाही, असं म्हणत होती. लोक म्हणाले बाहेरचं आहे, उतरवून घ्या. ती आमच्या यादीतही नव्हती. रज्जाकभाई शाळेवरून जात होते तेव्हा तिची सासू कुणाला तरी हे सांगत असल्याचं त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी मंगळवारची वाट न बघता तिथूनच फोन लावला.

आत कुणाला जायची परवानगी नव्हती. मीराच्या दोन्ही हातांत बाळ. ते ती धड घट्ट धरत नव्हती आणि खालीही ठेवत नव्हती. त्यामुळे फोन धरणार कोण? रज्जाकभाईंनी खिडकीच्या गजांतून हात आत घातला आणि फोन तिच्यासमोर धरला. दुसऱ्या हातानं कान झाकून तोंड मैदानाकडे वळवलं. पडद्याच्या कोपऱ्यात मला त्यांची फक्त बाही दिसत होती. मॅडम चाळीस मिनिटं तिच्याशी बोलल्या. मधेमधे चित्र हलायचं, तिरकं व्हायचं आणि परत सरळ यायचं, तेव्हा कळायचं की हात भरून आलाय. सासूला सगळं समजावलं, बाळाजवळ क्षणभरही तिला एकटं सोडायचं नाही हे बजावलं. त्याच दिवशी मॅडमनी फोनाफोनी केली आणि संध्याकाळच्या आत रुग्णवाहिका मीराला आणि बाळाला घेऊन आली. तीन आठवड्यांनी मीरा घरी गेली तेव्हा बाळ तिच्या कुशीत होतं. रज्जाकभाईंना मी हे कळवलं तर म्हणाले, "मुलगी हाय का मुलगा? मला त्या दिवशी दिसलंच न्हाई." मुलगी होती.

दुसऱ्या लाटेत ताप त्यांच्याच घरात शिरला. रज्जाकभाई चार दिवसांत उठून बसले, सलीमचा दम वाढला. त्याला बीडला आणलं. वॉर्डात नातेवाइकांना बंदी होती. तिथली सगळी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये. कुणाला चेहरा नाही, आवाज दबलेला. ज्या गोष्टींना सलीम वीस-पंचवीस वर्षं भ्यायला, त्या सगळ्या एकदम त्याच्या भोवती उभ्या राहिल्या. तो तोंडावरचा ऑक्सिजन ओढून काढायचा. बांधून ठेवायची वेळ आली तेव्हा सिस्टरनं मला बोलावलं.

मी किट घालून गेले. मलाही तो ओळखेना. मी रज्जाकभाईंना फोन लावला. ते बाहेर फाटकाजवळच्या लिंबाखाली बसून होते, तीन दिवस तिथेच होते. मी फोन सलीमच्या कानाशी धरला आणि आवाज मोठा केला.

घरात ते दख्खनी बोलायचे. "सलीम, डर नक्को. मैं हूँ. गाडी निकली देख बीड से. खिडकी के पास बैठ."

सलीमचा हात ऑक्सिजनच्या मास्कवरून खाली आला.

एसटीत सलीम गर्दीला घाबरायचा, म्हणून रज्जाकभाई त्याला दर महिन्याला रस्ता सांगत न्यायचे, हे मला त्या दिवशी कळलं. ते सगळा रस्ता सांगत होते. आता पेट्रोल पंप गेला. आता पाडळसिंगी आली, बघ, म्हातारा चढतोय, त्याला जागा दे. आता गढी. गेवराईला गाडी दहा मिनिटं थांबेल, चहा पिऊ. कुठे कापूस वेचून झालाय, कुठे नवं दुकान निघालंय, कुणाची म्हैस रस्त्यात बसलीय. तासाभरात तलवाडा यायचा आणि सलीमला डोळा लागायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दोन दिवस ती गाडी तशी धावली. मी किंवा सिस्टर फोन धरायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी गढीच्या पुढे गेली असेल. सिस्टरनं माझ्या खांद्याला हात लावला आणि मॉनिटरकडे बोट केलं. डॉक्टर धावत आले. मी बाजूला झाले. फोन माझ्या हातात चालूच होता. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं आणि मग एकानं माझ्याकडे बघून मान हलवली. रज्जाकभाई गेवराईच्या स्टँडवर होते. सलीमला विचारत होते, भजी घ्यायची का. मला त्यांना थांबवता आलं नाही. मी फोन तसाच सलीमच्या उशीवर ठेवला. गाडी गेवराईतून निघाली. आपल्या लोकांचं शेत आलं. मशिदीचा मिनार दिसला.

"तलवाडा आया," ते म्हणाले. "उतर धीरे से." मग मराठीत मला विचारलं, "ताई, झोपला का?"

मी फोनवर उत्तर दिलं नाही. किट उतरवलं, हात धुतले आणि लिंबाखाली गेले. मला येताना बघूनच ते उठून उभे राहिले.

चारच माणसांना घेऊन दफन झालं. त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. आमचे सात जण ताटकळले असतील हे कळत होतं, पण त्या माणसाला आता कोणत्या तोंडानं सांगायचं, की फोन घेऊन फिरा? तीन मंगळवार असे गेले. चौथ्या मंगळवारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "ताई, नावं लिवा." मी कागद घेतला. त्यांनी सुमनबाईंपासून एकेक नाव सांगितलं. सात झाली. "आनखी एक लिवा. अब्दुल रज्जाक. वय सत्तावन्न."

मी 'अब्दुल रज्जाक' लिहिलं, वयही लिहिलं, आणि मग माझा हात थांबला.

"सगळ्यात शेवटी ठेवा," ते म्हणाले. "बाकीच्यांचं झाल्यावर."

त्या दुपारी मी मॅडमना फोन लावून दिला आणि खोलीबाहेर जाऊन दार ओढून घेतलं. वीस मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, "एक शब्द बोलले नाहीत. मी पण बोलले नाही. शेवटी म्हणाले, झालं मॅडम, पुढच्या मंगळवारी." पुढच्या मंगळवारी ते बोलले. नंतरही पाच-सहा वेळा बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

सगळं पूर्ववत झाल्यावर एका मंगळवारी ते स्वतः ओपीडीत आले, एकटेच. गर्दी ओसरेपर्यंत बाहेर थांबले. मग टेबलाशी येऊन म्हणाले, "सलीमचा कागद असंल ना तुमच्याकडं? सगळ्यात पहिला. मला द्यायचा नियम नसंल तर नका देऊ. वाचून दाखवा फकस्त."

मी कपाटातून फाइल काढली. पहिलं पान पिवळं पडलं होतं, अक्षर आधीच्या डॉक्टरांचं. मी वाचलं. वय बावीस. अविवाहित. व्यवसाय रेडिओ दुरुस्ती. सोबत मोठा भाऊ. झोप नाही, आवाज ऐकू येतात. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'भाऊ विचारतो, किती दिवसांत बरा होईल.'

"मंग त्यांनी काय सांगितलं?" रज्जाकभाईंनी विचारलं.

त्याच्यापुढे औषधांची नावं होती आणि सही होती. मी तसं सांगितलं.

"मला पन आठवत न्हाई," ते म्हणाले. "काहीतरी सांगितलं असंल. मी लई खुशीत घरी गेलतो त्या दिवशी." त्यांनी फाइलवर एकदा हात ठेवला, उचलला आणि "येतो ताई" म्हणून निघाले.

त्यानंतर फोनवर बोलणं होत राहिलं. प्रवास न झेपणारे चार-पाच जण त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले. पण भेट ती शेवटची. त्या दिवशी ते खोलीतून निघाल्यावर मी खिडकीशी उभी राहिले. सीताफळांचे दिवस होते आणि फाटकाबाहेर एक म्हातारी पाटी घेऊन बसली होती. रज्जाकभाई तिच्यासमोर उकिडवे बसले. एक फळ निवडलं आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, सावकाश खायला लागले. घाई अजिबात नव्हती. एकेक बी डाव्या तळहातावर जमा करत होते. खाऊन झाल्यावर ते मूठ धरून उठले आणि बिया टाकायला जागा शोधत इकडेतिकडे बघत राहिले. फाटकाशी माणसांची ये-जा होती, कडेला रुग्णांचे नातेवाईक डबे उघडून बसले होते. कुठेच टाकवेना. शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढला, बिया त्यात बांधल्या, गाठ ओढून बघितली आणि स्टँडच्या रस्त्याला लागले.